नेटवर्क दिसत नाही म्हणून कॉम्प्युटर फॉरमॅट करू नका

आपल्या व्यापारी बंधूंपैकी बहुतेकांच्या पेढीवर आता कॉम्प्युटर आहे. टॅलीमध्ये हिसाब, जीएसटीचे रिटर्न, बँकेचे व्यवहार आणि माल परराज्यात पाठवावयाचा असल्यास ई-वे बिल, ही सर्व कामे त्याच्यावरच होतात. भिंत फोडून वायर ओढण्यापेक्षा वायफायचे कार्ड बसवून घेणे सोपे व स्वस्त, म्हणून अनेकांनी तसेच केले आहे. हे कार्ड वर्षानुवर्षे निमूटपणे काम करते आणि एके दिवशी अचानक सांगते की आसपास एकही नेटवर्क नाही. किंवा इतरांची नेटवर्क दाखविते, आपले तेवढे दाखवीत नाही. दुकानदार घाबरतो, मेकॅनिकला बोलावतो आणि मेकॅनिक पुष्कळदा एकच इलाज सांगतो, "विंडोज उडाली आहे, फॉरमॅट मारावे लागेल." हा इलाज बहुधा अनावश्यक असतो आणि कधी कधी फार महागात पडतो. प्रस्तुत लेखात आम्ही हाच विषय व्यापाऱ्याच्या भाषेत मांडणार आहोत. आम्ही कॉम्प्युटरचे जाणकार नाही, कापडाचे व्यापारी आहोत. पण ठेच लागल्यावर जे शिकलो ते इतरांना ठेच न लागता कळावे, एवढाच हेतू आहे.

मागील एका पावसाळ्यातील प्रसंग. गुरुवारची संध्याकाळ होती. मालेगावात जुम्याच्या दिवशी लूम आणि बाजार बंद असतो, त्यामुळे गुरुवारी रात्री ट्रक निघाला नाही तर माल थेट शनिवारवर जातो. बालोतऱ्याच्या पार्टीच्या ग्रे कापडाच्या गाठी ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनवर पोहोचल्या होत्या आणि गाडी लागली होती. मुनीमजी ई-वे बिल काढावयास बसले आणि म्हणाले, "सेठ, आपले नेटवर्क यादीत येत नाही."

ज्यांना या बिलाशी अद्याप काम पडलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो. पन्नास हजार रुपयांवरील माल परराज्यात पाठविताना ई-वे बिल सक्तीचे आहे. हा नियम १ एप्रिल २०१८ पासून लागू आहे. १ जानेवारी २०२२ पासून तर असे आहे की, बिनबिलाचा करपात्र माल वाटेत पकडला गेला तर मालकाला कराच्या दुप्पट रक्कम दंड म्हणून भरल्याशिवाय तो सोडविता येत नाही. तेव्हा "आज जाऊ द्या, बिल उद्या काढू" असे म्हणण्याची सोय नाही.

मेकॅनिक आला. दहा मिनिटे माऊस फिरविला आणि म्हणाला, कार्ड गेले असेल किंवा विंडोज खराब झाली असेल, फॉरमॅट करून पाहू, दोन तास लागतील, डेटाची गॅरंटी नाही. आमचा चार वर्षांचा हिसाब त्याच मशिनमध्ये होता आणि पेन ड्राइव्हवरची शेवटची नक्कल पाच महिन्यांपूर्वीची होती. ही चूक आमचीच, ती लपवीत नाही. घड्याळ पुढे सरकत होते आणि आम्ही जवळजवळ हो म्हणालो होतो. इतक्यात शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानातील मुलगा बिलाचे पैसे घ्यावयास आला. त्याने स्क्रीनकडे पाहिले आणि विचारले, "चाचा, लिस्ट में दूसरों के नाम तो आ रहे हैं ना?"

येत होते. समोरच्या मेडिकलचे नाव होते, वरच्या मजल्यावरच्या क्लासचे होते, हॉटेलचे होते. फक्त आमचे नव्हते. ही यादी मेकॅनिकनेही पाहिली होती आणि आम्हीही पाहिली होती. पण ती काय सांगते हे कोणी विचारले नव्हते. ज्या कार्डाला चार शेजारी ऐकू येतात ते कार्ड मेलेले कसे असेल? आणि ज्या विंडोजने ती चार नावे पडद्यावर आणून दाखविली ती उडालेली कशी असेल?

त्या मुलाने दोष शोधण्याच्या आधी आमची अडचण दूर केली. माझा फोन घेतला, चार्जरची केबल कॉम्प्युटरला जोडली आणि फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या पानावर जाऊन 'यूएसबी टेदरिंग' चालू केले. मिनिटभरात कॉम्प्युटरला फोनचे इंटरनेट मिळाले. यात वायफाय कार्डाचा काही संबंधच येत नाही, सर्व काम केबलमधून होते. बिल निघाले, गाडी सुटली. वाचकांनी या लेखातील दुसरे काही लक्षात ठेवले नाही तरी एवढे ठेवावे. मात्र केबल डेटा वाहून नेणारी असावी. रस्त्यावर मिळणाऱ्या काही स्वस्त केबली फक्त चार्जिंगच्या असतात आणि त्या जोडल्या तर टेदरिंगचे बटण दाबताच येत नाही. आमच्या पेढीच्या गल्ल्यात तेव्हापासून एक चांगली केबल ठेवलेली असते आणि ती कोणालाही उसनी मिळत नाही.

आता मूळ मुद्दा. 'इंटरनेट चालत नाही' आणि 'नेटवर्क दिसत नाही' या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, हे आधी समजून घ्यावे. नेटवर्कचे नाव दिसते, आपण जोडलेही जातो, पण पान उघडत नाही, तेव्हा दोष राऊटरच्या पलीकडे किंवा कॉम्प्युटरच्या पत्त्याच्या गोंधळात असतो. नावच दिसत नाही तेव्हा दोष त्याच्या फार अलीकडे असतो. अनेक मेकॅनिक पहिल्या रोगाची औषधे दुसऱ्या रोगाला देतात. काळी खिडकी उघडून 'डीएनएस फ्लश' किंवा 'विनसॉक रीसेट' असे हुकूम देतात. पाहणाऱ्याला वाटते, मोठे काम चालले आहे. पण हे हुकूम नेटवर्कला जोडल्यानंतरच्या व्यवहाराशी संबंधित आहेत. ज्या कार्डाला नेटवर्क ऐकूच येत नाही त्याला त्यांचा काही उपयोग नाही.

ऐकूच येत नाही असे आम्ही मुद्दाम म्हणतो, कारण प्रत्यक्षात तसेच घडते. राऊटर दर सेकंदाला सुमारे दहा वेळा आपले नाव पुकारतो. एखादा फेरीवाला एका गल्लीत उभा राहून हाका मारतो तसे. या गल्ल्यांना चॅनल म्हणतात. कार्ड एकेका गल्लीत डोकावते, थोडा वेळ कान देते, कोण कोण पुकारतो ते टिपते आणि पुढच्या गल्लीत जाते. फेरी संपली की टिपलेल्या नावांची यादी पडद्यावर येते. तेव्हा आपले नाव यादीत नसण्याची कारणे तीनच असू शकतात. राऊटर पुकारतच नाही, कार्डाचे कान बंद आहेत, किंवा राऊटर ज्या गल्लीत पुकारतो त्या गल्लीत कार्ड जातच नाही. यातील कोणते कारण आहे हे ठरविण्यास मेकॅनिक लागत नाही.

प्रथम आपला फोन हातात घ्यावा आणि कॉम्प्युटरच्या अगदी जवळ उभे राहून त्यावर यादी पाहावी. राऊटरजवळ जाऊन पाहू नये, त्याने काहीच कळत नाही. फोनलाही आपले नाव दिसले नाही तर दोष राऊटरचा. पुष्कळ राऊटरवर वायफाय बंद करण्याचे एक बारीक बटण मागे किंवा बाजूला असते. झाडलोट करताना ते दाबले जाते आणि इंटरनेटचा दिवा लागलेला असूनही वायफायचा दिवा विझलेला असतो. अशा वेळी ते बटण दाबावे. बटण नसेल तर राऊटरची वीज अर्धा मिनिट बंद ठेवून पुन्हा चालू करावी. तरीही दिवा लागला नाही तर इंटरनेटवाल्याला बोलवावे, कॉम्प्युटरवाल्याला नाही.

फोनला नाव दिसते आणि कॉम्प्युटरला दिसत नाही, असे झाले तर कॉम्प्युटरची यादी पुन्हा नीट पाहावी. इतरांची नावे असतील तर आमच्यासारखा प्रकार आहे. कार्ड शाबूत आहे, विंडोज शाबूत आहे, भांडण फक्त गल्लीचे आहे.

हे गल्लीचे भांडण थोडे सविस्तर सांगतो, कारण ते फार थोड्यांना माहीत असते. वायफायचा जुना आणि सर्वांत जास्त वापरात असलेला पट्टा २.४ गिगाहर्ट्झचा. त्यात आपल्या देशात १ ते १३ चॅनल वापरता येतात. अमेरिकेत विकली जाणारी उपकरणे मात्र साधारणपणे १ ते ११ एवढ्यांवरच ठेवलेली असतात. आमचे कार्ड भाचा अमेरिकेहून येताना घेऊन आला होता. चांगल्या कंपनीचे होते आणि आम्हाला त्याचा अभिमानही होता. त्या कार्डाच्या हिशेबी शहरात अकराच गल्ल्या होत्या. राऊटर मात्र येथला. त्याची सेटिंग 'ऑटो'वर होती, म्हणजे प्रत्येक वेळी चालू होताना जी गल्ली मोकळी वाटेल ती तो स्वतः निवडणार. त्या गुरुवारी दुपारी वीज गेली, परत आली, राऊटर नव्याने चालू झाला आणि त्याने तेरावी गल्ली निवडली. फोन येथलाच असल्यामुळे त्याला ती हाक ऐकू येत होती. कार्ड तिकडे फिरकतच नव्हते.

त्यावरून आम्हाला मागचे दोन प्रसंग आठवले. त्या आधीच्या वर्षी असेच दोनदा नेटवर्क नाहीसे झाले होते आणि आपोआप परत आले होते. आम्ही पावसाला दोष दिला होता. त्यातील एका वेळी मेकॅनिकने विंडोजमध्ये काहीतरी केले, मग राऊटर बंद करून चालू केला आणि नेटवर्क आले. काम राऊटरने केले होते, पैसे मात्र विंडोजचे गेले. असो.

इलाज असा. राऊटरच्या खाली चिकटविलेल्या चिठ्ठीवर त्याचे पान उघडण्याचा पत्ता आणि पासवर्ड असतो. ते पान फोनवरूनही उघडते. वायरलेसच्या सेटिंगमध्ये २.४ गिगाहर्ट्झच्या खाली चॅनल 'ऑटो' असेल तेथे १, ६ किंवा ११ यांपैकी एक कायमचा निवडावा. हे तीनच का, तर ते एकमेकांवर चढत नाहीत. बाकीचे चॅनल शेजारच्या चॅनलवर थोडे थोडे पसरलेले असतात. बाजारात जिथे दुकानाला दुकान लागलेले आहे तिथे याचा फरक पडतो. झेरॉक्सच्या मुलाने आमचा राऊटर ६ वर ठेवला. काम पाच मिनिटांचे होते.

गल्लीचे दुसरे भांडण याहून जास्त ठिकाणी होते. इंटरनेटवाला जुना मोडेम काढून नवा राऊटर लावून जातो आणि दुसऱ्या दिवशी जुन्या कॉम्प्युटरला नेटवर्क दिसत नाही. नवे राऊटर दोन पट्ट्यांवर चालतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. जुनी आणि स्वस्त कार्डे, विशेषतः ज्यांच्या खोक्यावर नुसते १५० किंवा ३०० लिहिलेले असते ती, बहुधा फक्त २.४ वर चालतात. त्यांना ५ चा पट्टा जन्मात दिसणार नाही. राऊटरमध्ये २.४ बंद ठेवलेला असेल तर तो चालू करून घ्यावा. ५ चा वेग जास्त असतो हे खरे, पण भिंत ओलांडताना तो लवकर दमतो. पेढीचे रिटर्न आणि बिले यांना २.४ पुरतो. फोनचा हॉटस्पॉटही ५ वर ठेवलेला असेल तर अशा कार्डाला दिसत नाही, फोनच्या सेटिंगमध्ये तो २.४ वर आणावा लागतो. ज्यांचे कार्ड दोन्ही पट्ट्यांचे आहे आणि तरीही ५ चे नेटवर्क मधूनच अदृश्य होते त्यांनी चॅनल ३६ ते ४८ मधील ठेवावा. ५२ ते १४४ हे चॅनल रडारशी वाटून घेतलेले आहेत. रडारची चाहूल लागली की राऊटरला तेथून उठून जावे लागते, आणि काही कार्डे तिकडे पाहतच नाहीत.

तिसरे एक कारण आहे ते ड्रायव्हरचे. ड्रायव्हर म्हणजे कार्ड आणि विंडोज यांच्यामधला दुभाषी. २०१९ नंतर जे राऊटर आले त्यांतील अनेकांत वायफाय ६ नावाची नवी बोली आहे. कार्ड जुने आणि दुभाषीही जुना असेल तर नव्या बोलीतील पुकार त्याला कळत नाही आणि तो ते नाव यादीतूनच गाळतो. इंटेलच्या काही जुन्या कार्डांच्या बाबतीत हेच घडत होते आणि कंपनीने त्यासाठी नवा ड्रायव्हर दिला. म्हणजे कार्ड बदलण्याची गरज नव्हती. फोनची केबल लावून इंटरनेट घ्यावे आणि कार्ड बनविणाऱ्या कंपनीच्या किंवा कॉम्प्युटरच्या कंपनीच्या साइटवरूनच ड्रायव्हर उतरवावा. 'सर्व ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' म्हणणाऱ्या जाहिरातींच्या वाटेला जाऊ नये, त्यांतून काय काय घरात शिरते हे निस्तरणे कठीण असते. नवा ड्रायव्हर मिळत नसेल तर राऊटरमध्ये २.४ च्या पट्ट्यावर नवी बोली बंद करून 'एन'पर्यंतची ठेवता येते.

आता यादी पूर्ण रिकामी असेल, एकाही शेजाऱ्याचे नाव नसेल, तर कान बंद आहेत. प्रथम घड्याळाजवळच्या चिन्हावर क्लिक करून एअरप्लेन मोड बंद आहे का आणि वायफाय चालू आहे का, ते पाहावे. हे सांगताना संकोच वाटतो, पण काही लॅपटॉपवर कीबोर्डचे एक बटण चुकून दाबले गेले तरी वायफाय बंद होते, आणि यासाठी लोक लॅपटॉप घेऊन दुकानात गेलेले आम्ही पाहिले आहेत.

त्यानंतर पूर्ण बंद करून पाहावे. 'शट डाऊन' केले म्हणजे विंडोज पूर्ण बंद होते असे आपण समजतो. विंडोज १० आणि ११ मध्ये लवकर चालू होण्यासाठी मशीन आपली काही अवस्था जपून ठेवते आणि सकाळी तीच उचलते. कार्ड काल अडकलेले असेल तर आजही अडकलेलेच राहते. म्हणून 'रीस्टार्ट' करावे. त्यानेही फरक पडला नाही तर मशीन बंद करून भिंतीतील प्लग काढावा, चालू करण्याचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे आणि मग प्लग लावावा. आत साठलेली वीज निघून जाते आणि कार्ड नव्याने जागे होते. ऐकावयास हे जादूटोण्यासारखे वाटते, पण कारण साधे आहे. प्लग लावलेला असेपर्यंत मशीन बंद असले तरी कार्डाला थोडी वीज मिळत राहते.

तरीही यादी रिकामी असेल तर विंडोजच्या शोधपट्टीत 'सर्व्हिसेस' असे इंग्रजीत लिहून ती खिडकी उघडावी आणि 'डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिग' ही ओळ शोधावी. विंडोजच्या वतीने यादी गोळा करणारा नोकर तो हाच. तो थांबलेला असेल तर 'स्टार्ट' करावा आणि 'ऑटोमॅटिक'वर ठेवावा. कॉम्प्युटर हलका करण्याच्या नावाखाली काही प्रोग्रॅम अशा सेवा बंद करून टाकतात.

यादीच काय, वायफायचे चिन्हच नाहीसे झाले असेल तर गोष्ट वेगळी. याचा अर्थ मशीनला कार्डच सापडत नाही. 'डिव्हाइस मॅनेजर' उघडून 'नेटवर्क अडॅप्टर्स'खाली पाहावे. कार्डाच्या नावावर खाली जाणारा बाण असेल तर ते कोणीतरी बंद केले आहे, उजवे क्लिक करून 'एनेबल' करावे. पिवळा त्रिकोण असेल तर ड्रायव्हर बिघडलेला आहे. विंडोजने रात्रीतून अपडेट घेतले आणि सकाळी हे झाले असेल तर त्याच कार्डाच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर' नावाचे बटण असते, ते जुना दुभाषी परत आणते. तेथेच 'पॉवर मॅनेजमेंट'च्या पानावर वीज वाचविण्यासाठी कार्ड बंद करण्याची परवानगी देणारी खूण असेल तर ती काढून टाकावी. काही काळ काम न केल्यास नेटवर्क नाहीसे होते, अशी तक्रार पुष्कळदा तेवढ्याने मिटते. विंडोज १० ची मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे अनेकांनी मशीन विंडोज ११ वर नेले आहे. त्यात जुन्या कार्डाचा ड्रायव्हर मिळाला नाही तर विंडोज १० चा टाकून पाहावा, पुष्कळदा तो चालतो.

नावच नसेल, तर पेटी उघडावी लागेल. येथे आपल्या धंद्याचा एक खास शत्रू आहे, तो म्हणजे कापसाचा तंतू. ज्यांची पेढी लूमच्या कारखान्याला लागून आहे त्यांनी कॉम्प्युटरची पेटी उघडून पाहावी, आत गादी भरता येईल एवढा कापूस सापडतो. तो तंतू पावसाळ्यातली ओल धरतो, कार्डाच्या सोनेरी दातांवर आणि खाचेत बसतो आणि संपर्क तुटतो. प्लग काढावा, पेटीच्या लोखंडाला हात लावून अंगातली वीज उतरवावी, स्क्रू काढून कार्ड सरळ वर उचलावे. दात साध्या खोडरबराने हलकेच पुसावेत, चुरा झटकावा आणि खाच मऊ कोरड्या ब्रशने साफ करावी. तोंडाने फुंकू नये, थुंकीची वाफ जाते. गॅरेजच्या कॉम्प्रेसरची हवा मारू नये, त्या हवेत पाणी आणि तेल असते. मग कार्ड पूर्ण खाली बसेपर्यंत दाबून लावावे. दुसरी खाच मोकळी असेल तर तीत लावून पाहावे.

कार्डाच्या मागचे अँटेना हाताने घट्ट आहेत का तेही पाहावे. पेटी भिंतीकडे ढकलताना ते सैल होतात, मग जवळचेच एखादे नेटवर्क दिसते, दूरचे नाही. लॅपटॉपमध्ये दोन केसासारख्या तारा कार्डावर टिचकीने बसविलेल्या असतात. पंखा साफ करून आणल्यानंतर नेटवर्क दिसेनासे झाले असेल तर मेकॅनिक त्या तारा लावावयास विसरला, असे खुशाल समजावे. कापडाचे ताके वायफायला फारसे अडवीत नाहीत. लोखंडी कपाट आणि शटर अडवितात.

यूएसबीमध्ये लावावयाचे छोटे कार्ड वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट. यूएसबी ३ ची, म्हणजे बहुधा निळ्या रंगाची, खाच आणि तिला लावलेली बाहेरची हार्ड डिस्क चालू असताना २.४ च्या पट्ट्यावर गोंगाट करते. इंटेलने २०१२ साली याबद्दल सविस्तर निबंध प्रसिद्ध केला होता. हार्ड डिस्क लावली की नेटवर्क जाते आणि काढली की येते, असे होत असेल तर छोटे कार्ड एका हातभर एक्स्टेंशन केबलवर घेऊन दूर ठेवावे.

एवढे सर्व करूनही मशीनला कार्ड सापडले नाही आणि दुसऱ्या मशीनलाही सापडले नाही, तर कार्ड गेले. तेव्हाही फॉरमॅटची गरज नाही, नव्या कार्डाची आहे. घेताना दोन्ही पट्ट्यांचे आहे का आणि आपल्या विंडोजचा ड्रायव्हर मिळतो का, एवढे विचारावे. आणि येथल्या बाजारासाठी बनलेले घ्यावे. भाचा रागावला तरी चालेल.

फॉरमॅटविषयी मात्र थोडे बोललेच पाहिजे. कधी तरी तो खरोखर करावा लागतो. पण तो करणाऱ्याने आधी टॅलीचा डेटा फोल्डर, बिलांच्या फाइली आणि डिजिटल सहीची माहिती बाहेर काढून, ती दुसऱ्या मशीनवर उघडून दाखवावी आणि मगच हात लावावा. नुसते "कॉपी घेतली आहे" यावर विश्वास ठेवू नये. देण्याघेण्याचे लिहून ठेवण्याचा हुकूम सूरह बकराच्या २८२व्या आयतीत आहे, आणि वहीत ज्यांची नावे आहेत त्यांची ती अमानत आहे. लूमवाल्याची मजुरी, दलालाची दलाली, पार्टीची बाकी, हे सर्व त्या एका डिस्कवर असते. डिस्क पुसली गेली तर कोणाचे किती देणे राहिले हे आम्ही कोणत्या तोंडाने सांगणार होतो? आता दर गुरुवारी पेढी बंद होताना नक्कल निघते आणि पेन ड्राइव्ह घरी जातो. पेढीच्या गल्ल्यात राहत नाही, कारण आग आणि चोरी मशीन कोणते आणि पेन ड्राइव्ह कोणता हे पाहत नाहीत.

मेकॅनिकलाही सरसकट वाईट म्हणण्याची आमची इच्छा नाही. त्याला दिवसात आठ ठिकाणी जावयाचे असते आणि फॉरमॅट हा असा इलाज आहे की त्यात विचार करावा लागत नाही. आपण त्याला "नेट चालत नाही" एवढेच सांगितले तर तो तरी काय करील? फोनला दिसते, कॉम्प्युटरला दिसत नाही, शेजाऱ्यांची नावे दिसतात, वीज गेल्यानंतर हे झाले, एवढे चार शब्द सांगितले तर चांगला मेकॅनिक फोनवरच अर्धे काम करतो.

आमचा राऊटर ६ नंबरवर बांधल्यापासून वीज कितीदा गेली आणि आली तरी तक्रार नाही. कार्ड तेच आहे. मुनीमजींचा भरवसा मात्र अजून बसलेला नाही. ई-वे बिलाचा पहिला भाग ते गुरुवारी दुपारीच भरून ठेवतात आणि संध्याकाळी गाडी लागली की तिचा नंबर तेवढा घालतात.